पाणघोड्याचं वासरू

डबी वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, आणि कागदावर नेमका कुठल्याशा मंत्र्याचा हसरा फोटो आला होता. ओग्वेनोने ती आईच्या खाणावळीच्या चुलीपासून चार हात लांब, दगडावर ठेवली आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "कीडवाले आले की देशील ना?"

"देते की. मंत्रीसाहेबांसकट देते," यूनिया म्हणाली.

एरवी तो हसला असता. आज त्याने नुसती मान हलवली आणि पाण्याकडे चालू लागला. जाता जाता दोनदा थांबून पोटऱ्या खाजवल्या. यूनियाने हातातल्या माशाची खवलं काढायचं थांबवून दोन्ही वेळा पाहिलं. शर्टाच्या गळ्यातून मानेची दोन हाडं वर आली होती. मार्चमध्ये ती दिसत नव्हती.

अकरा वर्षं हा पोरगा गुडघाभर पाण्यात उभा राहून लोकांच्या गाड्या धूत होता. किसुमू शहराच्या त्या सरोवरकाठावर पन्नासएक माणसं हाच धंदा करत. मटाटू नावाच्या भाड्याच्या छोट्या बसगाड्या, लॉऱ्या, साहेबांच्या चकचकीत मोटारी, सगळ्या सरोवरात मागे मागे आणायच्या, चाकं अर्धी बुडली की थांबवायच्या आणि चहूबाजूंनी फडकी घेऊन भिडायचं. त्याच पाण्यात गोगलगायी, आणि गोगलगायींतून सुटणारे डोळ्यांना न दिसणारे किडे. ते कातडीतून आत शिरतात, रक्तात संसार थाटतात आणि अंडी घालतात. हे काठावरच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. पण पाण्यात उतरलं नाही तर खायचं काय, हेही कुत्र्याला ठाऊक होतं.

म्हणून कीडवाले यायचे. त्यांच्या कचेरीचं नाव लांबलचक होतं, ते कुणी घेत नसे. महिन्याच्या महिन्याला लोकांच्या शौचाच्या डब्या गोळा करायचे, यंत्राखाली अंडी मोजायचे, आणि दोन दिवसांनी झाडाखाली तंबू ठोकून नावं पुकारायचे. ज्याचं नाव आलं त्याला आकडे लिहिलेल्या काठीला पाठ लावून उभं करायचं, उंचीच्या हिशेबाने गोळ्या द्यायच्या, आणि त्या पोटात टिकाव्यात म्हणून पाव नि दुधाचा चहा. हे सगळं उघड्यावर. आणि बाकीचे लोक पाण्यातून ओरडणार: "वासरू प्यायलं रे, वासरू प्यायलं!"

नवा माणूस म्हणजे वासरू. त्याला दर दोन-तीन महिन्यांनी गोळ्या लागायच्याच. मग पाच वर्षं, सहा वर्षं गेली, डझनभर वेळा गोळ्या खाऊन झाल्या की कुणास ठाऊक काय व्हायचं, पण किडे माणसाला सोडून द्यायचे. पाण्यात तितकेच तास, गोगलगायी तितक्याच, तरी डबी स्वच्छ. सलग वर्षभर ज्याचं नाव पुकारलं गेलं नाही तो पाणघोडा. त्याला चौघे उचलून पाण्यात फेकायचे, त्याच्या घरच्यांनी सगळ्यांना मासे खिलवायचे. पाणघोड्याला गाडीच्या पोटाखाली आडवं व्हावं लागत नसे. मोठ्या बसगाड्या त्याच्या वाट्याच्या.

ओग्वेनो सत्ताविसाव्या वर्षी पाणघोडा झाला. यूनियाने त्या दिवशी चाळीस माणसांना तळलेले मासे वाढले आणि वर ऐकवलंही, "खा रे, खा. माझ्या पोराच्या कातडीची मेजवानी आहे. तुमच्या आयांनी तुम्हाला असली कातडी दिली असती तर मला एवढे मासे लागले नसते."

तीन वर्षं गोळी नाही. आणि या वर्षी मार्चमध्ये नाव आलं. मेमध्ये पुन्हा. ऑगस्टमध्ये पुन्हा.

काठावर या गोष्टीलाही म्हण होती. पाणघोड्याचं वासरू झालं, असं म्हणायचे, आणि म्हणताना आवाज खाली यायचा. चार वर्षांपूर्वी ओमोल्लोचं असंच झालं होतं. आधी किडे परतले, मग खोकला आला, मग अंगावरचं मांस गेलं, आणि मग सगळ्यांनी मिळून शवपेटीसाठी वर्गणी काढली. कशाने मेला ते कुणी उच्चारलं नाही. तो आजार म्हणे बापजाद्यांचा नियम मोडल्याने लागतो. यूनियाने ओमोल्लोच्या आईला तेव्हा पाहिलं होतं. बाजारात बायका तिच्याकडून पालेभाजी घेईनाशा झाल्या होत्या. पालेभाजीने काय पाप केलं होतं?

सुकी ओमेना मासळी विकणारी रिस्पा तिच्या शेजारी बसायची. चिमूटभर माशांएवढीच तिची अक्कल, पण जीभ मात्र सुसरीची. गेल्या आठवड्यात यूनियाला तिच्या माहेरच्या मुलुखावरून हाक मारत म्हणाली, "उयोमाची लेक, तुझा पाणघोडा बारीक होत चाललाय गं. सुनेला म्हणावं, जरा पिठाला हात सैल सोड."

"माझी सून हात सैल सोडते," यूनिया म्हणाली, "तू जीभ आवळ."

बोलून गेली खरी. पण त्या दिवसापासून तिचं बूड एका जागी टेकेना. तेल तापायच्या आत मासा टाकायची, तळून झालेला पुन्हा उलटायची, उठून पाण्याकडे बघायची, परत बसायची. पोराला विचारावं तर कसं? आईने मोठ्या झालेल्या मुलाच्या घरात पाऊल टाकायचं नसतं, त्याच्या बिछान्याची, कमरेखालची गोष्ट काढायची नसते. ते काम आजीचं. आजी तर सहा वर्षांपूर्वीच माती झाली होती. विचारता येत नाही, तर निदान लोकांची तोंडं तरी बंद करावीत.

दगडावरची डबी ती बराच वेळ बघत राहिली. मंत्री हसत होता.

यूनियाने गुडघे दुखायला लागल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, सरोवरात पाय बुडवला नव्हता. पाणी हातगाडीवरून विकत घ्यायची, मासे पोरी धुऊन आणायच्या. तिच्या पोटात कुठला किडा असणार? तिने पदर खोचला, डबी उचलली, रिस्पाला म्हणाली, "कढईकडे बघ, खाऊ नकोस," आणि काठावरच्या संडासाकडे निघाली. आतमध्ये पोराचं होतं ते सांडून दिलं, डबी घासून धुतली, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात केलं नव्हतं ते काम ओणवं होऊन, कण्हत, देवाची माफी मागत केलं. देव तिकडे बघत नसेल अशी तिला आशा होती.

बाहेर येऊन डबी पुन्हा त्याच कागदात गुंडाळली. डबीवरचा आकडा ओग्वेनोचाच होता. आतला ऐवज तेवढा उयोमाचा.

गुरुवारी तंबू लागला. सात नावं पुकारली गेली. यूनिया चुलीपाशी उभी राहून एकेक नाव गिळत होती. सातवं नाव संपलं, झेब्लॉनने वही मिटली. झेब्लॉन म्हणजे कीडवाल्यांतला सगळ्यात जुना, चष्मेवाला, सगळे त्याला डॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता, पण नाही म्हणायचाही त्याला कंटाळा आला होता. त्याने मिटलेली वही पुन्हा उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं, पाण्यात उभ्या ओग्वेनोकडे पाहिलं, आणि काही न बोलता परत मिटली.

"अरे, आमचा पाणघोडा परत आला!" अबिएरो ओरडला. अबिएरो गाडी धुणाऱ्यांचा म्होरक्या, पिंपाएवढा माणूस. त्याच्यासकट चौघांनी ओग्वेनोला उचललं आणि दिला फेकून. तो बुडाला, वर आला, तोंडातून पाणी उडवत हसला. सहा महिन्यांत यूनियाने त्याला हसताना पाहिलं नव्हतं. तिच्या छातीत काहीतरी उड्या मारायला लागलं. झेब्लॉनच्या वहीकडे न बघता तिने कढईत आणखी दोन मासे सोडले.

"ओग्वेनोच्या आई, मासे!" अबिएरो काठावरून ओरडला.

"आहेत, आहेत! आधी साबण धुवा हातांचा, माझं तेल काही गाडी नाही!"

तिने मासे वाढले. रिस्पानेही खाल्ला आणि काटे चोखत म्हणाली, "मी म्हटलंच होतं, उन्हाने बारीक झाला असेल." यूनियाने तिला दुसरा मासा दिला नाही.

ओग्वेनो ओल्या कपड्यांनी आला. "आई, कंपालाची लॉरी आलीय धुवायला. तो चालक ऑगस्टमध्ये म्हणाला होता ना, पोट बरं झालं की ये, माल उतरवायला माणूस हवाय. आज तिसऱ्या प्रहरी निघतोय त्याच्याबरोबर. कंपाला, तिथून पुढे जुबा. दोन महिने, फार तर तीन."

"आज?"

"मग काय! पोट साफ झालं. पाण्याने सोडलं मला."

त्याने उभ्या उभ्या मक्याच्या पिठाची अर्धी उगाली खाल्ली. यूनियाने पाहिलं, मासा बोटांनी नुसता चिवडला आणि ठेवला.

दुपारी सून आली, अदोयो. सातवा महिना, पाय सुजलेले, आणि इतक्या उन्हात पायी. ती खाणावळीच्या मागच्या बाजूला, लाकडांच्या ढिगावर बसली. यूनियाने तिला पाणी दिलं. ती प्यायली नाही.

"आई, त्याला जाऊ देऊ नका."

"का? दोन पैसे मिळतील. बाळंतपण तोंडावर आलंय."

"तो उद्या रक्त तपासायला जाणार होता." अदोयो जमिनीकडे बघत बोलत होती. "महिनाभर मी मागे लागले होते. शेवटी म्हणाला, या खेपेलाही गोळ्या लागल्या तर जाईन, शपथ. आता म्हणतो, पाण्यानेच उत्तर दिलं, रक्ताची काय गरज?"

यूनियाच्या हातातला झारा तिथेच थांबला.

"नसेल गरज," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"आहे. माझं तपासलंय. पोटुशी बायकांचं तपासतात तिकडे." अदोयोने पोटावर हात ठेवला. "मला आहे, आई. औषध दिलंय, बाळाला होऊ नये म्हणून. मी ते पिठाच्या डब्यात लपवते. त्याला सांगायची छाती होत नाही. वाटलं, तो स्वतःच जाईल, स्वतःच ऐकेल, मग दोघांनी मिळून..."

यूनियाची जीभ नेहमी तिच्या अकलेच्या चार पावलं पुढे चालायची. आजही चालली. "म्हणजे तू आणलंस माझ्या घरात?"

अदोयोने पहिल्यांदाच वर पाहिलं. "कुणी आणलं ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा. मी लग्न होऊन आले तेव्हा सतरा वर्षांची होते आणि तो पाच वर्षं या काठावर राहत होता."

चूल फटकन उडाली. यूनियाने निखारा पायाने मागे लोटला. बोलायला पुष्कळ होतं, पण जे जे तोंडाशी आलं ते ते लाजेचं होतं. तिने पाण्याचा तांब्या पुन्हा सुनेपुढे धरला. "पी," ती म्हणाली. "पी आधी. मग मला शिव्या दे. देऊन झाल्या की इथेच बस."

आणि ती तंबूकडे निघाली.

झेब्लॉन यंत्राखालच्या काचा पुसत होता. यूनियाने उभ्यानेच विचारलं, "डॉक्टर, जुन्या माणसांना किडे का सोडतात?"

"सोडत नाहीत. अंगच शिकतं."

"कुणाकडून?"

"मेलेल्या किड्यांकडून." त्याला प्रश्न आवडलेला दिसला. "गोळी खाल्ली की किडे रक्तातच मरतात, फुटतात. त्यांच्या पोटातलं सगळं बाहेर पडतं. आपल्या रक्तात राखणदार असतात, त्यांना तो वास लागतो. एकदा लागून भागत नाही. दहा वेळा, बारा वेळा किडे मेले की राखणदार पक्के होतात. मग नवा किडा शिरला की त्याला ओळखतात, संसार थाटू देत नाहीत."

"म्हणजे मेलेला किडा मास्तर झाला."

"झाला. पण मास्तराला वर्गात पोरं हवीत." झेब्लॉनने काच खाली ठेवली. "तो मोठा आजार आहे ना, तो या राखणदारांनाच खातो. गोळी किडे मारते, अगदी पहिल्यासारखीच मारते. पण मेलेले किडे शिकवणार कुणाला? वर्ग रिकामा. जे शिकले होते तेही गेले. मग जुना माणूस नव्यासारखा होतो."

"म्हणजे लोक म्हणतात ते खरं."

"अर्धं खरं. पाण्यात तास वाढले, गोगलगायी वाढल्या, तर त्यानेही किडे परततात. डबी बघून आजार सांगता येत नाही. त्याला रक्तच तपासावं लागतं. ओमोल्लोला मी तेच सांगत होतो. पण तेव्हा औषध विकत घ्यावं लागायचं, लोक म्हणायचे कळून करायचं काय? आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. त्या औषधाने राखणदार परत वाढतात. माणूस वेळेवर पोहोचला तर."

यूनियाने तंबूची दोरी हातात घट्ट धरली.

"मंगळवारी ओग्वेनोच्या डबीत काय सापडलं?"

"ते मी फक्त त्यालाच—"

"काही सापडलं नाही. मला ठाऊक आहे. कारण ती माझी."

"डबी?"

"डबी तुमची. आतलं माझं."

झेब्लॉनने चष्मा काढला, पुन्हा घातला. "अकरा वर्षं वही चालवतोय," तो हळूच म्हणाला. "म्हणून दोनदा पाहिलं मी. ऑगस्टमध्ये एवढी अंडी, आणि आता एक नाही. उयोमाची लेक, तुम्ही काय केलंत हे?"

"काय केलं ते मला कळलंय. काय करायचं ते सांगा."

"नवी डबी मागतो त्याच्याकडे. पुढच्या आठवड्यात—"

"तो अर्ध्या तासात कंपालाला चाललाय!"

सरोवरात लॉरी उभी होती, मागची चाकं बुडलेली. चालक वर जाऊन बसलाही होता. पाच-सहा जण शेवटचा हात मारत होते. यूनियाने काठावरून हाक मारली, "ओग्वेनो! जरा बाहेर ये!"

"झालंच, आई! एवढं धुतो!"

"आत्ता ये!"

"निरोप काठावरूनच दे, ऐकू येतंय!" तो हसून म्हणाला आणि टपावर चढायला लागला. चालकाने यंत्र सुरू केलं. काळा धूर पाण्यावर पसरला.

यूनियाने वहाणा काढल्या, लुगडं गुडघ्यांच्या वर खोचलं आणि पाण्यात शिरली. काठावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. पाणी कोमट होतं, तळचा गाळ बोटांमधून वर येत होता, गुडघे प्रत्येक पावलाला बोंब मारत होते. गाडी धुणारे हात थांबवून बघत राहिले.

"आई, काय हे!" ओग्वेनो खाली उतरला. "घरी येऊन नसतं का सांगता आलं?"

"तुझ्या घरात मला पाय टाकता येत नाही. इथे तरी टाकू दे." ती त्याच्या अगदी जवळ गेली. "बाजूला चल. दोन शब्द आहेत."

"बोल ना. सगळे आपलेच आहेत."

"नाहीत आपले. चल."

"आई, गाडी निघतेय!" त्याने फडकं पिळलं, खांद्यावर टाकलं, आणि चालकाला हात केला: दोन मिनिटं. मग आईकडे बघून कंटाळल्यासारखा म्हणाला, "काय, पैसे हवेत का?"

त्या शब्दासरशी तिचं तोंड सुटलं.

"मंगळवारची डबी माझी होती. तुझं मी टाकून दिलं, आणि माझं भरलं. पाण्याने तुला काही उत्तर दिलेलं नाही, ओग्वेनो. दिलं ते तुझ्या आईच्या कोठ्याने दिलं."

मग अबिएरोच्या पोटातून हसू फुटलं. "अरे देवा! म्हणजे पाणघोडा ही? अरे, फेका हिला पाण्यात!" दोघे-तिघे हसले. एकाने बादली वाजवली.

आणि मग हसणं एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. डबी आईची असेल तर पोराची कशी होती? प्रत्येकाने मनात तो हिशेब केला, आणि तो करताना प्रत्येकाचा चेहरा यूनियाला दिसला. एकाने नकळत एक पाऊल मागे घेतलं. पाण्यात पाऊल मागे घेतलं की आवाज होतो.

ओग्वेनोने तो आवाज ऐकला.

यूनियाला वाटलं, आपण पोराला सगळ्यांदेखत नागडं केलं. केलंच होतं. आता झाकायला तिच्याजवळ काही नव्हतं, म्हणून ती दुसऱ्यांवर उलटली. "हसायचं का थांबलास रे, अबिएरो? हस की. ओमोल्लोच्या पेटीला सगळ्यात जास्त वर्गणी तू दिलीस ना? दवाखान्यापर्यंत सायकलवरून न्यायचे पैसे कुणी दिले होते? पेटीला लाकूड चांगलं घेतलंत तुम्ही, फार चांगलं. आणि तू मागे काय सरकतोस, शेंबड्या? हे पाण्यातून येत नाही. ज्यातून येतं त्यात तू काही मागे सरकलेला नाहीस, अख्ख्या काठाला ठाऊक आहे!"

"आई, पुरे." ओग्वेनो अगदी हळू बोलला.

"पुरे," यूनियाही म्हणाली.

चालकाने भोंगा वाजवला. ओग्वेनो लॉरीकडे बघत उभा राहिला, जणू ती त्याची नव्हेच, दुसऱ्या कुणाला न्यायला आली होती. मग खांद्यावरचं फडकं काढलं, नीट घडी घातली, अबिएरोच्या हातात दिलं आणि काठाकडे चालू लागला. लॉरी पाणी उपसत वर चढली आणि गेली. तंबूपाशी थांबून त्याने झेब्लॉनकडे हात पुढे केला. झेब्लॉनने एक रिकामी डबी त्या हातावर ठेवली. ओग्वेनोने ती खिशात टाकली, खिशावर थाप मारली आणि मागे न बघता म्हणाला, "ही मीच आणून देईन."

रक्त तपासायची खोली बसथांब्याच्या पलीकडे होती. तो पुढे, ती वीस पावलं मागे. अदोयोला तिने चुलीपाशी बसवून ठेवलं होतं. वाटेत तो रस्ता ओलांडताना, आईचे गुडघे दुखतात म्हणून, थांबला. यूनियाला तेवढ्यानेच रडू येत होतं, म्हणून तिने एका सायकलवाल्याला विनाकारण चार शिव्या दिल्या.

तो आत गेला. ती बाहेरच्या बाकावर बसली, उठली, दारापर्यंत गेली, परत बसली. लुगड्याचा काठ अजून ओला होता. भिंतीवर कसली कसली चित्रं होती. ती तिने तीनदा पाहिली, एकही लक्षात राहिलं नाही. एक बाई पोर घेऊन बाहेर आली, तिच्या तोंडावरून यूनियाला काही ओळखता आलं नाही. तोंडावर लिहून येत नाही तर!

थोड्या वेळाने बाक वाकला. दुसऱ्या टोकाला अबिएरो येऊन बसला होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली, जणू टोपीने पिंप झाकतं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"उयोमाची लेक," तो ओठ न हलवता म्हणाला, "मी इथे आलेलो नाही."

"मी कुणाला पाहिलंच नाही."

"मेमध्ये मलाही गोळ्या लागल्या होत्या. एकदाच. पण लागल्या."

यूनियाने त्याच्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, आणि हात गुडघ्यांवर ठेवून शाळेतल्या पोरासारखा बसला होता. सुरकुतलेले, पांढरे पडलेले, पाण्यात कुजलेले हात. "एकदा म्हणजे काही नाही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाला, डबीवरून काही कळत नाही. बस गप. पाय हलवू नकोस, बाक हलतोय."

बाक दोघांच्याही पायांनी हलत होता.

दार उघडलं. ओग्वेनो बाहेर आला. कोपराच्या आतल्या बाजूला कापूस दाबून धरला होता, दुसऱ्या हातात घडी घातलेलं कार्ड. तो अबिएरोला बघून थबकला. अबिएरो उठला, त्याच्या खांद्यावर एक जड हात ठेवला, आणि आपल्या टोपीसकट आत गेला.

यूनिया उभी राहिली. पहिल्यांदाच तिने काही विचारलं नाही.

"आहे," ओग्वेनो म्हणाला. "रक्तातले राखणदार, डॉक्टर म्हणतो ते, किती उरलेत ते मोजायला रक्त घेतलंय. मंगळवारी सांगणार. कमी असले तर लगेच औषध. रोज. कायमचं." त्याने कार्ड उलटंपालटं केलं. "तपासणारी बाई म्हणाली, वेळेवर आलास. सगळ्यांनाच तसं म्हणत असेल."

"म्हणू दे. ऐकायला बरं आहे."

तो बाकावर बसला, आईपासून एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. रस्त्यावर मटाटूवाला गिऱ्हाइकांना बोलावत ओरडत होता.

"आई," मग तो म्हणाला, "अदोयोला कसं सांगू? सातवा महिना आहे. ती मोडून पडेल."

यूनियाने तोंड उघडलं. पिठाचा डबा, सुजलेले पाय, महिनाभर एकटीने गिळलेल्या गोळ्या, सगळं जिभेवर येऊन उभं राहिलं. आज सकाळपासून तिने दुसऱ्यांच्या वाट्याचं पुष्कळ बोलून टाकलं होतं. हे अदोयोचं होतं. तिने दात असे आवळले की कानशिलं दुखली.

"घरी जाऊन सांग," ती म्हणाली. "माझ्यासमोर नाही, चुलीपाशी नाही. तिला घरी ने, दार लाव आणि सांग. आणि सांगून झालं की लगेच बाहेर पळू नकोस. ती काय म्हणते ते ऐक. पूर्ण ऐक."

"आणि ती सोडून गेली तर?"

"जाणारी दुपारच्या उन्हात पायी सासूकडे येत नसते."

त्याने आईकडे वळून पाहिलं. तो काही विचारणार, इतक्यात यूनिया उठली, लुगडं झटकलं आणि रस्त्याकडे तोंड करून सायकलवाल्याला हाक मारली. मघाशी शिव्या खाल्लेलाच तो. यायला तयार होईना. तिने दुप्पट पैसे कबूल केले, पोराला मागच्या बैठकीवर बसवलं आणि म्हणाली, "जपून ने रे. खड्डे बघ. याला काठावर सोड, तिथून याची बायको पण न्यायची आहे, ती पोटुशी आहे."

"दोघांना? एका सायकलवर?"

"तर मग चालत ने! सायकल हातात धर, पण ने!"

सायकल गर्दीत शिरली. ओग्वेनोचं डोकं थोडा वेळ दिसलं, मग दिसेना. आतल्या दारामागून अबिएरोच्या खोकल्याचा आवाज आला. यूनिया बाकावर परत बसली, उठली, आणि त्याच्यासाठी पुन्हा बसली.